पॉइंट मोजू नका, पाण्यातली मिनिटे मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मालवणचे बेत शिजू लागतात. दोन-तीन कुटुंबांनी मिळून सकाळची खासगी बोट घ्यायची, स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून, पाण्यावर पालथे तरंगत तळ पाहणे) करायचे आणि दुपारी मासे खायचे, असा साधारण आराखडा असतो. बोट ठरते फोनवर, आणि घासाघीस होते ती दोनच गोष्टींवर: माणशी किती आणि पॉइंट, म्हणजे दाखवायची ठिकाणे, किती. सात पॉइंटवाला पाच पॉइंटवाल्यापेक्षा उजवा ठरतो. गणित इथेच चुकते. चार तासांच्या फेरीत डॉल्फिन, किल्ला, त्सुनामी बेट, नदीचा संगम आणि फोटो असे सगळे कोंबले की माणूस पाण्यात जेमतेम पंधरा-वीस मिनिटे असतो, आणि त्यातली निम्मी मास्क बसवण्यात जातात. म्हणून दराआधी एकच प्रश्न विचारावा: स्नॉर्केलिंगच्या जागी बोट किती वेळ थांबणार? तासाच्या आतले उत्तर आले, तर ती सामायिक फेरीच तुम्हाला खासगी म्हणून विकली जात आहे असे समजावे.

खाडी आपल्या दारात असताना ऐरोली किंवा बेलापूरच्या जेट्टीवरून असे काही का करता येत नाही, असेही दरवर्षी कुणीतरी विचारतो. उत्तर गाळात आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होताना तळाचा चिखल खाली बसूच देत नाही. ज्या चिखलावर रोहित पक्षी पोसले जातात आणि ज्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तिथेच मास्कमधून स्वतःच्या हाताची बोटेही दिसत नाहीत. सांडपाण्याबद्दल तर बोलायलाच नको. किहीम-काशीदला पाणी दिसायला बरे असले, तरी डोके आत घातले की तोच प्रकार.

मालवणला भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या जवळपास निम्मा, तळ खडकाळ, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे आणि किल्ला, पद्मगड व आसपासचे बुडालेले खडक त्याच्या गाभ्यात येतात. तरीही हे लक्षद्वीप नव्हे. चांगल्या दिवशी पाच-सहा मीटरपर्यंत दिसते, बऱ्या दिवशी तीन. जाहिरातीतले निळेशार पाणी डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर हिरमोड ठरलेला.

तो बरा दिवस कोणता, हे घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सापडते. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सहा तासांनी, सकाळी नऊला, ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी लागू पडतो. मालवण दक्षिणेला असल्याने तिथे भरती थोडी आधी लागते, तेवढे वजा करावे. स्नॉर्केलिंगला भरतीची अखेर हवी असते, कारण तेव्हा बाहेरचे स्वच्छ पाणी खडकांवर आलेले असते आणि ओढ थांबलेली असते. ओहोटी लागली की कर्लीच्या आणि कोळंबच्या खाडीतले गढूळ पाणी समुद्रात उतरते. तेव्हा सकाळच्या बोटीसाठी द्वादशी-त्रयोदशी उत्तम, एकादशी चालेल. एकादशी पाळणाऱ्यांनी द्वादशीच धरावी, दुपारच्या सुरमईचीही सोय होते. सुट्टीचा वार या तिथींना जुळला नाही, तर दुसरी पसंती अष्टमी-नवमीची. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार ओढतही नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस टाळावेत. उधाणाचे पाणी जोरात धावते आणि तळ ढवळून काढते.

सकाळच का, याचे उत्तर खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांत आहे. शाळेच्या भूगोलात हे सगळ्यांनी पाठ केलेले असते, बोट ठरवताना मात्र कुणाला आठवत नाही. पहाटेपासून नऊ-दहापर्यंत जमिनीवरून येणारा मतलई वारा किनाऱ्याजवळचे पाणी सपाट ठेवतो. अकराच्या पुढे खारा वारा लागला की लाटांची शेंडी नळीत शिरू लागते, बोट हेलकावते आणि ज्यांना लागायची त्यांना बोट लागते. साडेसातला धक्क्यावर, सव्वाआठला पाण्यात, साडेअकराला परत, हे वेळापत्रक धरून ठेवावे. ‘दहाला या, आरामात निघू’ असे सांगितले गेले, तर तुमच्या आधी त्याच बोटीची एक फेरी होणार आहे असा त्याचा सरळ अर्थ असतो. रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरून तसेच पाण्यात जाण्याचा मोहही टाळावा. अपुरी झोप, रिकामे पोट आणि लाटा हे एकत्र आले की निम्मी मंडळी बोटीच्या कठड्याला धरून बसतात.

डिसेंबर ते मार्चचा पूर्वार्ध हा खरा हंगाम. ऑक्टोबरात पावसाळ्याचा गढूळपणा पुरता गेलेला नसतो आणि जेलीफिशही असतात. मे महिन्यात पाणी कोमट आणि सुट्टी मोठी म्हणून गर्दी होते, पण समुद्र तेव्हाच फुगू लागतो. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरची प्रवासी बोटवाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला तो २४ मे २०२२ चा दिवस होता, बंदीच्या फक्त दोन दिवस आधीचा. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतरचे आरक्षण कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. हंगामातही आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा. मीटरभर लाट सांगितली असेल तर किल्ल्याच्या मागे स्नॉर्केलिंग जमत नाही, हे मान्य करून फक्त किल्ला पाहून यावे.

धक्क्यावर पोहोचल्यावर बोटीत चढण्याआधी पाच मिनिटे बोट बघावी. महाराष्ट्र सागरी मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता बोटीवर रंगवलेली असते. आठ-नऊ मीटरच्या फायबर बोटीत स्नॉर्केलिंगसाठी सहा ते आठ पाहुणे पुरे. इंजिन एकच असेल तर दुसरे छोटे इंजिन किंवा निदान वल्ही आहेत का पाहावे. पेट्रोलचा जुना नियम तिसऱ्या हिश्शाचा आहे: एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक. शिडी नुसती असून भागत नाही. तिच्या किमान दोन पायऱ्या पाण्याखाली जायला हव्यात, नाहीतर दमलेला माणूस वर चढू शकत नाही आणि त्याला दंडाला धरून ओढावे लागते. खांदे निखळतात ते असेच. माणसे पाण्यात असताना इंजिन न्यूट्रलमध्ये नव्हे, पूर्ण बंद हवे, कारण मागचा पंखा शिडीपासून हातभरच लांब असतो. मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असावा. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ संच असेल तर चॅनल १६.

लाइफ जॅकेटबद्दल १८ डिसेंबर २०२४ च्या एलिफंटा बोट दुर्घटनेनंतर बरेच बोलले गेले, पण ते ‘घाला’ एवढ्यावरच थांबले. कसे घालायचे हे कुणी सांगत नाही. सगळे बकल लावून, पट्टे ओढून झाल्यावर दुसऱ्याने खांद्यांजवळ धरून जॅकेट वर उचलून पाहावे. ते कानांपर्यंत वर आले तर सैल आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघेल. मुलांच्या बाबतीत पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घालणे म्हणजे न घालण्यासारखेच. फोम पिचकून पातळ झालेला, शिवण उसवलेली किंवा रंग उडून पांढरे पडलेले जॅकेट परत करावे.

इथे एक अडचण आहे आणि ती बहुतेकांना पाण्यात गेल्यावरच कळते. पुढे जाड फोम असलेले जॅकेट बेशुद्ध माणसाला उताणे करण्यासाठी बनवलेले असते. स्नॉर्केलिंग मात्र पालथे पडून करायचे असते. त्यामुळे जॅकेट घातलेला माणूस डोके खाली घालायला धडपडतो, मान दुखवून घेतो आणि पाचव्या मिनिटाला ‘बस झाले’ म्हणतो. म्हणून मालवणात तरंगत्या रिंगला धरून ओढत नेण्याची पद्धत आहे, आणि न पोहणाऱ्यांसाठी ती ठीकच आहे. जॅकेट अंगावर, हातांची दोन्ही कोपरे रिंगवर, पाय मागे सैल, असे राहिले की चेहरा आपोआप पाण्यात जातो. पोहता येणाऱ्यांनी पातळ स्नॉर्केल व्हेस्ट मागावे. मिळाले नाही तर जॅकेटच बरे. जॅकेट काढून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नये.

मास्क आणि नळी स्वतःची असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. बोटीवरचे मास्क दिवसात वीस चेहऱ्यांवरून फिरतात आणि मापे दोनच असतात. विकत घेताना पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर मास्क जागेवर राहिला तर तो तुमचा. पाणी शिरण्याची कारणे तीनच: कडेखाली अडकलेले केस, मिशी आणि फार घट्ट पट्टा. तिसरे कारण लोकांना पटत नाही. पट्टा जितका आवळाल तितकी सिलिकॉनची कड दुमडते आणि तिथून पाणी येते. पट्टा कानांवर नको, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर हवा. मिशीवाल्यांनी नाकाखालची बोटभर रुंदीची पट्टी आदल्या दिवशी काढली तर काम सोपे होते. ज्यांना मिशी प्यारी त्यांनी अधूनमधून मास्क उपसण्याची तयारी ठेवावी. नव्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो. टूथपेस्टने दोन-तीनदा घासल्याशिवाय तो जात नाही आणि काच धुरकट होत राहते. ऐनवेळी थुंकी किंवा बेबी शाम्पूचा थेंब चोळून एकदाच विसळावे. चष्मा असणाऱ्यांना अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने तयार भिंगे बसणारा मास्क मिळतो. पाण्याखाली वस्तू एकतृतीयांश मोठ्या दिसत असल्याने थोडा कमी नंबरही चालून जातो.

नळी साधी, ३५ ते ४० सेंटिमीटरची असावी. लांब नळीत आपणच सोडलेली शिळी हवा पुन्हा आत येते आणि खोलीवरच्या दाबामुळे छाती फुलतही नाही. आख्खा चेहरा झाकणारे मास्क सध्या ऑनलाइन भरपूर विकले जातात. नाकाने श्वास घेता येतो म्हणून ते नवख्यांना आवडतात, पण त्यांच्यात शिळी हवा साचण्याचा धोका अधिक आणि घाबरल्यावर ते झटकन निघत नाहीत. न घेतलेले बरे.

सराव घरी करता येतो. बादलीत पाणी घेऊन मास्क-नळी लावून तोंड बुडवावे आणि दोन मिनिटे फक्त तोंडाने सावकाश श्वास घ्यावा. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडायला एवढे पुरते. पुढचा धडा सोसायटीच्या तरणतलावात, कमरेएवढ्या पाण्यात: नळीत पाणी भरू द्यायचे आणि ‘थू’ म्हणावे तशी एकदम जोरात फुंकर मारून ते उडवायचे. हळू फुंकले तर निम्मे पाणी आतच राहते आणि पुढच्या श्वासाला घशात जाते. मास्कमधले पाणी काढायला वरची कड कपाळावर दाबून, मान थोडी वर करून नाकाने सोडायचे. हे दोन्ही दहा-दहा वेळा न चुकता जमले की माणूस समुद्रात शांत राहतो. न जमता गेलात तर पहिल्या खाऱ्या घोटाला धडपड सुरू होते.

प्रत्यक्ष पाण्यात उतरण्याआधी एक साधी चाचणी करावी. जेवणाची स्टीलची ताटली दोरीला बांधून खाली सोडावी आणि ती दिसेनाशी झाली की दोरी मोजावी. एका वावेत (पसरलेल्या दोन हातांएवढ्या, साधारण सहा फुटांत) दिसेनाशी झाली तर जागा बदला किंवा तासभर थांबा. दोन वावेपर्यंत दिसली तर उतरा. बोटीच्या मागे वीस मीटरची तरंगती दोर आणि टोकाला रिकामा कॅन बांधून सोडायला सांगावे. ओढीने मागे सरकलेल्याला धरायला काहीतरी मिळते. सुरुवात ओढीच्या विरुद्ध दिशेने करावी, म्हणजे दमल्यावर पाणीच बोटीकडे आणते. उलट केले तर परतीला दम तुटतो. पाण्यात सोबत येणारा माणूस न पोहणाऱ्या दोघांमागे एक, पोहणाऱ्या चौघांमागे एक हवा. आणि कॅमेरा धरणारा व तुम्हाला धरणारा वेगळा असावा. व्हिडिओ विकायचा असतो तेव्हा सोबत्याचे लक्ष पडद्यावर असते, तुमच्या श्वासावर नाही.

खोल बुडी मारण्याच्या हौसेने भराभर श्वास घेऊन खाली जाणे हा जिवाशी खेळ आहे. त्याने प्राणवायू वाढत नाही, फक्त श्वासाची हाक उशिरा येते आणि माणूस पाण्यातच शुद्ध हरपतो. चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीत हे जास्त घडते. हृदयविकार, दमा किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. रात्रीची दारू उतरलेली नसेल तर कुणीच उतरू नये.

न्याहारी निघण्याआधी दीड-दोन तास, आंबोळी किंवा घावण्यांएवढी हलकी. वडे-सागोती परतल्यावर. उलटीच्या गोळ्या झोप आणतात, म्हणून आधी घरी घेऊन पाहाव्यात. बोटीत नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, बसू नये, तिथे सर्वांत जास्त आपटते. मागच्या बाजूला, पण धुरापासून दूर बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. उन्हाने पाठ आणि गुडघ्यांची मागची बाजू भाजते. क्रीमचे थर पाण्यात सोडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट आणि लांब विजार चांगली. सुती टी-शर्ट ओला झाला की अंगावर ओझे होतो.

आता प्रवाळ. खडकासारखे दिसते म्हणून लोक त्यावर उभे राहून मास्क नीट करतात, आणि काही ठिकाणी ‘इथे पाय टेकवा’ असे सांगितलेही जाते. गोल दगडासारखे दिसणारे पोराइट्स जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. टोपलीएवढा गोळा म्हणजे तीस-चाळीस वर्षे झाली. त्यावरचे जिवंत आवरण टाचेखाली चिरडले जाते आणि तिथे शेवाळ धरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, तुकडा उचलून आणणे गुन्हा आहे. नांगर वाळूत टाकायला सांगणे हे पैसे देणाऱ्याच्या हातात असते. माशांना पाव-बिस्किटे टाकून फोटोसाठी गोळा करण्याचा प्रकारही बंद व्हायला हवा. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे धीट मासे तेवढे झुंबड करतात, बाकीचे पांगतात, आणि पोपटमासा किंवा खडकाच्या फटीतला गोबरा दिसायचा राहून जातो. दहा मिनिटे हालचाल न करता तरंगत राहिले तर पावाशिवाय सगळे येतात.

फोनवर ठरलेले पाण्यात पाळले जात नाही, कारण ते कुठे लिहिलेले नसते. आमची मागणी साधी आहे. आगाऊ रक्कम घेताना दिल्या जाणाऱ्या पावतीवर बोटीचा नोंदणी क्रमांक, क्षमता, निघण्याची वेळ, स्नॉर्केलिंगच्या जागी थांबण्याची मिनिटे, पाण्यात उतरणाऱ्या सोबत्यांची संख्या आणि हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पैशांचे काय, एवढे छापलेले असावे. सागरी मंडळाने असा एक नमुना ठरवून दिला तर प्रामाणिक बोटवाल्यांचाच फायदा होईल; आज त्यांना सात पॉइंटवाल्याशी दरात झुंजावे लागते. तोवर ग्राहकांनी हेच मुद्दे संदेश करून पाठवावेत आणि ‘हो’ असे लेखी उत्तर घ्यावे. रद्द करण्याचा निर्णय मात्र तांडेलाचाच, म्हणजे बोट चालवणाऱ्याचाच, मानावा. ‘एवढ्या लांबून आलोय’ हा हट्ट धरून त्याला समुद्रात ढकलू नये.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापल्या जातात, तशा नोव्हेंबर ते मे या काळात शनिवार-रविवारच्या मालवणच्या वेळाही द्याव्यात. एका ओळीत मावतील.

कळावे,
काही हौशी स्नॉर्केलर,
नेरूळ, नवी मुंबई